दूरचे उड्डाण आणि पायांचा हिशेब

जबलपूरला दूरच्या प्रवासाचे अप्रूप नाही. मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग १८७० साली याच गावी एकमेकांस मिळाले आणि देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत आगगाडीने जाणे प्रथमच शक्य झाले. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून येथे आलेली, पुढे रेल्वे, गन कॅरेज फॅक्टरी, हायकोर्ट आणि शाळा-महाविद्यालयांतील नोकऱ्यांनिमित्त स्थिरावलेली मराठी कुटुंबेही मुळात प्रवास करूनच येथवर पोहोचली. आता त्यांचीच मुले-नातवंडे नर्मदेचा काठ सोडून न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टोरांटो वा मेलबर्न येथे संसार थाटून आहेत. आणि ज्या घरात एकेकाळी नागपूरला जायचे म्हटले तरी चार दिवस तयारी चाले, त्या घरातील आजी-आजोबांच्या कपाटात आज पासपोर्ट असतो.

लेकीचे बाळंतपण, नातवाची मुंज, मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत, निमित्त कोणतेही असो. साठी ओलांडलेली जोडपी सोळा-सोळा तासांच्या विमानप्रवासास निघतात. व्हिसा, तिकिटे, लोणची, मेतकूट, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू या सर्वांची काळजी घेतली जाते. बॅगा पुनःपुन्हा काट्यावर चढवून त्यांचे वजन पाहिले जाते. ज्या देहाने हा प्रवास करावयाचा, त्याची तयारी मात्र बहुधा राहून जाते. आमची अशीच राहिली होती. तो अनुभव येथे सांगण्याचे कारण एवढेच, की त्यातून जे शिकावयास मिळाले ते आपणा सर्वांच्या उपयोगी पडावे.

आमचा पहिला प्रवास

मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेस निघालो. आमच्या डुमना विमानतळावरून परदेशी जाणारे थेट विमान तेव्हा नव्हते. २०२४ साली तेथे नवी प्रशस्त इमारत उभी राहिली, तरीही अमेरिकेस जाणाऱ्या जबलपूरकरास आधी मुंबई वा दिल्ली गाठावी लागते. आम्ही रात्रीची गाडी धरली. इटारसी, भुसावळ, मनमाड या मार्गाने सुमारे ९९० किलोमीटरचे अंतर कापण्यास आम्हांस सतरा तास लागले. पासपोर्टची पिशवी उशाशी असल्याने सौभाग्यवती रात्रभर जागेवरून फारशा हलल्या नाहीत.

मुंबईस दुपारी पोहोचलो. विमान रात्री उशिराचे. नातेवाइकांचे घर दूर, शहरातील वाहतुकीची धास्ती, म्हणून स्थानकावरून थेट विमानतळ गाठला आणि तेथेच बसून राहिलो. परक्या ठिकाणी भाषेची अडचण नको म्हणून जावईबापूंनी आम्हां दोघांसाठी चाकाच्या खुर्चीची सोय आधीच सांगून ठेवली होती. त्यामुळे विमानतळावर जे काही चालणे झाले असते, तेही टळले. विमानात ढग पाहण्याच्या हौसेने सौभाग्यवतींनी खिडकीजवळची जागा घेतली. मधल्या जागेवर मी, आणि कडेला एक अनोळखी गृहस्थ गाढ झोपलेले. त्यांना उठवावयाचे कसे, या भिडेपोटी सोळा तासांत त्या एकदाच उठल्या. आणि उठावे लागू नये म्हणून पाणीही बेताबेतानेच प्यायल्या.

नेवार्कला उतरलो, मुलीच्या घरी पोहोचलो, आनंदीआनंद झाला. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींची डावी पोटरी जड वाटू लागली. चौथ्या दिवशी ती सुजली. मुलीचे दिवस भरत आलेले. अशा वेळी आपले दुखणे तिच्यापुढे कशाला काढावयाचे, या विचाराने त्यांनी कोणासही सांगितले नाही. पाचव्या दिवशी डाव्या पायात सपाता चढेना, हे मुलीच्याच लक्षात आले. तिने त्याच घटकेस रुग्णालय गाठावयास लावले. सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेमध्ये रक्ताची गुठळी आढळली.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला विचारले, “किती तास बसून होता?” मी म्हणालो, “सोळा.” त्यांनी पुन्हा विचारले, “विमानात नव्हे. घरून निघाल्यापासून?” तेव्हा मी प्रथमच बोटांवर हिशेब केला. गाडीत सतरा, मुंबईत अकरा, विमानात सोळा आणि उतरल्यापासून मुलीच्या घरापर्यंत तीन. एकूण ४७ तास! आणि या ४७ तासांत सौभाग्यवतींचे चालणे सारे मिळून अर्ध्या तासाचेही झाले नसेल.

औषधोपचार वेळेवर सुरू झाले. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने, नंतर तीन महिने गोळ्या. पुढील आठवड्यात नात झाली, तेव्हा तिची आजी पाय उशीवर ठेवून तिला मांडीवर घेण्यास हजर होती. पण ही गुठळी शिरेतून सुटून फुप्फुसात जाऊन अडकली असती, तर त्या घरात काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

दोष विमानाचा नव्हे, बसून राहण्याचा

हृदयाकडून पायांकडे रक्त येते ते हृदयाच्या जोराने. पायांकडून ते पुन्हा वर चढते, ते मात्र मुख्यत्वे पोटऱ्यांच्या स्नायूंच्या बळावर. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते, आतील शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधील झडपा एकाच दिशेने उघडत असल्याने ते माघारी येत नाही. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्यास हा पंप बंद पडतो, रक्त साचते, घोटे सुजतात आणि क्वचित प्रसंगी रक्त गोठते.

या विकारास एके काळी ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. ते दिशाभूल करणारे आहे. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना लोक रात्री-रात्री आसऱ्याच्या तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून काढीत. अशांपैकी काही जण फुप्फुसात गुठळी अडकून अकस्मात दगावत असल्याचे डॉ. कीथ सिम्पसन यांनी त्याच वर्षी नोंदवले. तेथे विमानप्रवासाचा काही संबंध नव्हता. खुर्ची मात्र होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तास वा त्याहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा वा मोटारीचा, यात फरक नाही. थोड्या दिवसांत लागोपाठ प्रवास झाल्यास धोका आणखी वाढतो. मात्र दुप्पट होऊनही तो साधारणपणे सहा हजार प्रवाशांत एक इतकाच आहे. तेव्हा घाबरून प्रवास टाळावा असे यात काही नाही. परंतु ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांची गुडघ्याची, खुब्याची वा अन्य मोठी शस्त्रक्रिया अलीकडेच झाली आहे, ज्यांना कर्करोग आहे, ज्यांचे वजन फार आहे, ज्या गर्भवती आहेत वा संप्रेरकांच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

याच अभ्यासातील एक बाब आपल्याकडील स्त्रियांनी विशेष ध्यानात ठेवावी. १.९० मीटरपेक्षा उंच व्यक्तींप्रमाणेच १.६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वापाच फुटांपेक्षा, बुटक्या व्यक्तींनाही हा धोका अधिक आढळला. आपल्या आया-बहिणींपैकी कितीतरी जणी या उंचीच्या आतल्या. खुर्चीत मागे टेकून बसल्यास त्यांची पावले जमिनीस नीट टेकत नाहीत, आणि खुर्चीची कड गुडघ्यामागे, नेमक्या शिरांवर, रुतते. उपाय साधा आहे. हातातील लहान पिशवी वा घडी केलेली शाल पावलांखाली ठेवावी, म्हणजे गुडघे किंचित वर राहतात आणि दाब सुटतो. खुर्चीत मांडी घालून बसण्याची आपली जुनी सवय मात्र या प्रवासापुरती बाजूस ठेवावी.

जबलपूर ते सिमला, खुर्चीत बसून

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जाते. आतील हवेचा दाब यंत्राने वाढवलेला असला, तरी तो जमिनीइतका नसतो. तो साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. सिमला सुमारे २,२०० मीटरवर. म्हणजे विमानात बसलेला जबलपूरकर सोळा तास सिमल्याच्या हवेत श्वास घेत असतो, असे समजावे. निरोगी माणसास याचा त्रास होत नाही. ज्यांना हृदयविकार, दमा वा फुप्फुसाचा जुना आजार अथवा तीव्र रक्तक्षय आहे, त्यांनी मात्र आधी तपासणी करून घ्यावी. घराचा एक जिना न थांबता चढताना धाप लागत असेल, तर ही तपासणी टाळूच नये. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडलेला असल्यास डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत विमानप्रवास सर्वस्वी वर्ज्य होय.

दाब कमी झाला की पोटातील वायू फुगतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवसापासून हरभरा, वाटाणा, राजमा आणि बाटलीतील फसफसणारी पेये टाळावीत. आपल्या आजीच्या काळातील दशम्या आणि कोरडी चटणी प्रवासास उत्तमच. फक्त सोबतचे खाद्यपदार्थ विमानातच संपवावेत, कारण ताजी फळे आणि अन्य काही पदार्थ परदेशी नेण्यावर निर्बंध असतात. शाकाहारी वा मधुमेहींसाठीचे जेवण हवे असल्यास ते विमानात बसल्यावर नव्हे, तिकीट काढतानाच सांगून ठेवावे.

विमानातील हवा फार कोरडी असते; तिच्यातील आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली जाते. ओठ फुटतात, नाक कोरडे पडते, डोळे चुरचुरतात. तासाला पेलाभर पाणी प्यावे. चहा-कॉफी बेताने घ्यावी, मद्य टाळावे. एकादशी वा अन्य उपवास त्या दिवशी आल्यास तो निर्जळी करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उठावे लागेल या भीतीने पाणी कमी पिऊ नये. उठावे लागणे हीच तर त्यातील हिताची गोष्ट आहे!

विमान उतरू लागले की कानांना दडे बसतात. अशा वेळी आवंढा गिळावा, गोळी चघळावी, जांभई द्यावी. किंवा नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा कानांकडे लोटावी. विमान खाली येताना जागे असणे बरे. सर्दीने नाक गच्च बंद असल्यास प्रवासापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. विमानात एकाच हवेत शेकडो माणसे, म्हणजे आजार हमखास, असा समज आहे. वास्तविक आधुनिक विमानांत ही हवा सूक्ष्म गाळण्यांतून सतत गाळली जाते. शेजाऱ्याच्या खोकल्यापासून वा हाताळलेल्या वस्तूंपासून होणारा संसर्ग मात्र संभवतो. म्हणून मुखपट्टी जवळ ठेवावी आणि खाण्यापूर्वी हात धुवावेत.

औषधांचे घड्याळ

औषधे नेहमी हातातील पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगेत नव्हे. मोठी बॅग हरवू शकते, उशिरा येऊ शकते; शिवाय विमानाच्या तळातील थंडीत इन्सुलिन गोठून निकामी होण्याची भीती असते. औषधे मूळ वेष्टनात असावीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या व्यापारी नावासोबत मूळ रासायनिक नावासह असावी. आपल्याकडील व्यापारी नाव परदेशातील औषधविक्रेत्यास ओळखीचे असेलच असे नाही. मुक्काम जितक्या दिवसांचा, त्याहून काही दिवसांची औषधे अधिक न्यावीत. हातातील पिशवीत द्रवपदार्थ नेण्यावर मर्यादा असते. आवश्यक औषधांना त्यातून सवलत मिळते, परंतु चिठ्ठी दाखवावी लागू शकते.

खरा प्रश्न वेळेचा. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ तास. ‘सकाळची गोळी’ मग कोणत्या सकाळी घ्यावयाची? दिवसातून एकदा घ्यावयाच्या बहुतेक गोळ्यांबाबत एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवून प्रवासभर त्याप्रमाणे चालणे आणि तेथे पोहोचल्यावर वेळ हळूहळू बदलणे सोयीचे पडते. इन्सुलिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचे वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. झोपेची गोळी घेऊन सलग आठ तास हालचालीविना पडून राहणे, हा तर गुठळीस आमंत्रण देण्याचाच प्रकार आहे. तसेच खबरदारी म्हणून स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये.

खुर्चीत बसल्या बसल्या

जागा मिळेल तर येण्या-जाण्याच्या वाटेकडेची घ्यावी. ढग पाहून होतात. पुढील चौदा तास खिडकीबाहेर अंधारच असतो. शेजाऱ्यास उठवताना भीड बाळगू नये. कपडे सैल असावेत. साडी नेसावयाची असल्यास परकराची नाडी आवळू नये. सलवार-कमीज अधिक सुटसुटीत. पाय थोडे सुजणारच, म्हणून पादत्राणे सैल असावीत.

दर तासाला पुढील हालचाली कराव्यात. टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. असे वीस वेळा. पावले घोट्यातून दोन्ही दिशांनी गोल फिरवावीत. एकेक गुडघा छातीकडे उचलावा. खांदे मागे फिरवावेत, मान हळूच दोन्ही बाजूंस वळवावी. दर दोन तासांनी उठून वाटेवरून एक-दोन फेऱ्या माराव्यात. पट्टा बांधण्याचा दिवा लागलेला असताना मात्र उठू नये, आणि बसलेले असताना पट्टा सैलसर का होईना, बांधलेलाच ठेवावा. बँकेच्या ग्राहकांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. आवर्ती ठेवीत हप्ता लहान असतो, पण तो चुकवावयाचा नसतो. हे तसेच आहे.

गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे मिळतात. विमानप्रवाशांवर झालेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, असे मोजे घालणाऱ्यांच्या पायांत लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्या पुष्कळच कमी आढळल्या. पायांची सूजही कमी राहिली. मोजे पायाच्या मापाचे असावेत. मधुमेहामुळे वा अन्य कारणाने ज्यांच्या पायांतील रक्तपुरवठा आधीच कमी आहे, त्यांनी विचारल्याखेरीज ते घालू नयेत.

चाकाच्या खुर्चीविषयी एक शब्द. ज्यांचे गुडघे, हृदय वा दृष्टी साथ देत नाही, त्यांनी ती निःसंकोच घ्यावी. परंतु केवळ भाषेच्या भीतीने धडधाकट माणसाने खुर्ची मागणे म्हणजे पायांना मिळणारी चालण्याची संधी गमावणे होय. विमानतळांवरील फलक मोठ्या अक्षरांत असतात, विचारल्यास कर्मचारी वाट दाखवतात, आणि मुलांनी एका कागदावर क्रमवार टिपणे लिहून दिली की पुष्कळ निभावते.

रात्र कोणती, दिवस कोणता

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या प्रवासाचे कष्ट आपल्या कल्पनेपलीकडचे होते. परंतु त्यांच्या देहाचे घड्याळ रोज सरासरी दहा-बारा मिनिटेच मागे सरकत होते. आज आपण तोच फरक एका दिवसात अंगावर घेतो. परिणामी रात्री दोनला टक्क जाग, दुपारी डोळे मिटतात, भूक अवेळी लागते, पोट बिघडते.

देहाचे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. म्हणून पोहोचताच तेथील वेळेप्रमाणे जेवावे, दिवसा बाहेर उजेडात फिरावे, दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटोपावी आणि रात्री अंधार करून पडावे. पूर्ववत होण्यास काही दिवस, कधी आठवडाही लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत नातवंडाची रात्रीची जबाबदारी वा मोटारीची लांबची सहल अंगावर घेऊ नये.

मनाचा आराम

देहाची स्वस्थता काही अंशी मनावर, आणि मनाची काही अंशी कागदपत्रांवर अवलंबून असते. परदेशप्रवासाचा विमा न घेता निघू नये. विम्याच्या अर्जात आपले जुने आजार खरेखरे लिहावेत. लपवलेला आजार नेमका गरजेच्या वेळी दावा अडवतो. पूर्वीचे आजार विम्यात अंतर्भूत आहेत की नाहीत, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. आमच्या पहिल्या प्रवासात विमा होता म्हणूनच त्या रुग्णालयाचे बिल आम्हांस पेलले.

निवृत्तिवेतनधारकांसाठी दुसरी गोष्ट. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्या काळात परदेशी असाल, तर तेथील भारतीय वकिलातीमार्फत दाखला देण्याची सोय आहे; २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय पद्धतही उपलब्ध आहे. निघण्यापूर्वी आपल्या शाखेत जाऊन याची चौकशी करावी, म्हणजे तिकडे बसून चिंता करावी लागत नाही.

पोहोचल्यानंतरही सावध

गुठळीचा धोका विमानातून उतरल्याबरोबर संपत नाही. प्रवासानंतर सुमारे चार आठवडे तो कमी-अधिक प्रमाणात असतो. दोन्ही पाय थोडे सुजले आणि एक-दोन दिवसांत उतरले, तर ती प्रवासाची सूज. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, ती गरम वा लालसर वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे अशी लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ‘मुलांना कशाला त्रास’ हा आपल्या पिढीचा गुण असेल. या बाबतीत तो घातक ठरतो. सौभाग्यवतींनी गमावलेले ते दोन दिवस फार महाग पडू शकले असते.

त्यानंतर आम्ही दोनदा अमेरिकेस जाऊन आलो. दोन्ही वेळा आधी जबलपूरच्या आमच्या डॉक्टरांना भेटलो, आणि पूर्वी गुठळी झाली असल्याने सौभाग्यवतींना प्रवासापुरते औषध त्यांनी ठरवून दिले. मुंबईस दोन रात्री बहिणीकडे मुक्काम केला. गाडीतही दर दोन तासांनी डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली. विमानात वाटेकडेची जागा, पावलांखाली पिशवी, पायांत मोजे. कडेला बसलेल्या सौभाग्यवती दर दोन तासांनी उठत, आणि मलाही उठवीत. पहिल्या खेपेस खुर्चीतून ढकलत आणलेल्या आजी या वेळी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आल्या, तेव्हा नात धावत येऊन त्यांना बिलगली.

विमानाचे तिकीट हाती आले की त्यावर उड्डाणाचे तास लिहिलेले असतात. त्याखाली आपल्या हाताने आणखी एक आकडा लिहावा. तो आकडा घराच्या उंबरठ्यापासून मुलांच्या उंबरठ्यापर्यंतच्या एकूण तासांचा असावा. तो पाहिला की कोठे थांबावयाचे, कोठे चालावयाचे आणि कोठे विसावावयाचे, हे आपोआप सुचू लागते. आपणा सर्व प्रवाशांना निरामय प्रवासासाठी मनःपूर्वक शुभेच्छा!